माळवदाचे दगडी घर

वाचकहो, लेणी आणि किल्ले पाहावयास आपण दूरदूर जातो. शाळेच्या सहली निघतात, मुले वेरूळचे कैलास लेणे पाहून थक्क होतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या ओसरीवर बसून आपण इतिहासाचे पुस्तक वाचतो, त्या ओसरीलाही इतिहास असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. राजाने किल्ला बांधला की त्याची नोंद बखरीत होते. शेतकऱ्याने घर बांधले तर त्याची नोंद कोण ठेवणार? ती नोंद घरच ठेवते. भिंतीत, खांबात, उंबरठ्यात ती असते. फक्त वाचता आली पाहिजे. आज आपण अशाच एका घराची नोंद वाचणार आहोत. हे घर म्हणजे मराठवाड्यातले, सोलापूर-नगरकडचे, आपले नेहमीचे माळवदाचे दगडी घर.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. कुठे त्याला धाबे म्हणतात. कोकणात पाऊस धो धो पडतो, म्हणून तिथे उतरते कौलारू छप्पर आणि जांभ्या दगडाच्या भिंती. देशावर पाऊस कमी, ऊन फार आणि गवत जनावरांनाच पुरत नाही. म्हणून तिथे जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद. घराचा आकार माणसाच्या लहरीवर ठरत नाही. हवा, माती आणि हाताशी असलेले सामान यांवर तो ठरतो. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल.

आता दगडापासून आरंभ करू. आपल्या पायाखालचा काळा दगड हा ज्वालामुखीचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलुख या दगडाने व्यापलेला आहे. सह्याद्रीकडे हे थर फार जाड आहेत आणि पूर्वेकडे ते पातळ होत जातात. लातूरच्या बाजूस ही जाडी 300 मीटरांहून थोडीच अधिक भरते. शेतकऱ्याला हे थर पुस्तकावाचून ठाऊक असतात, कारण विहीर खणताना ते एकेक करून भेटतात. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि खाली घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. विहीर खणली की पाणी तर लागेच, पण घराला लागणारा दगडही त्यातूनच निघे. एक घनफूट काळा दगड सुमारे 80 किलो भरतो. तो लांबून आणणे परवडत नाही. जिथे निघेल तिथेच तो वापरावा लागतो.

पण म्हणून आपला शेतकरी आरंभापासून दगडी घरात राहत होता असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे तिथे उजेडात आली. आधीच्या काळातली घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. ठेंगण्या मातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. अखेरच्या काळात मात्र लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस कमी झाला, शेती मोडकळीस आली, म्हणून घरेही आक्रसली, असे डॉ. म. के. ढवळीकरांचे मत होते. पाहा, तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची बातमी घराच्या आकाराने आपल्याला दिली!

पुढे सातवाहनांच्या काळात तेर, पैठण, भोकरदन अशी गावे भरभराटली. तेरणा नदीच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. एका ग्रीक प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख येतो. अशा जुन्या गावांच्या जागी आज पांढुरक्या मातीची टेकाडे दिसतात. शेकडो वर्षे माणसांनी वस्ती केली, चुली पेटवल्या, भिंती उभ्या केल्या आणि त्या पडल्या. त्या साऱ्या राखेची, चुन्याची आणि मातीची मिळून पांढरी झाली. म्हणूनच आपल्या भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ असे नाव पडले. ही पांढरी माती पुढे आपल्या घराच्या छपरावर चढणार आहे, तेव्हा तिची ओळख आताच करून ठेवू.

दगड घडवण्याची विद्या मात्र आधी देवळांत आणि किल्ल्यांत वाढली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, होऊन गेला. चुन्यावाचून दगडात दगड बसवून केलेल्या बांधणीला लोकांनी त्याचे नाव दिले. त्यानंतर बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशा राजवटी आल्या. परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर या किल्ल्यांना पाथरवटांच्या पिढ्यांमागून पिढ्या लागल्या असतील. किल्ल्यावर काम नसेल तेव्हा हे हात रिकामे थोडेच बसणार? पाटलाची गढी, देशमुखाचा वाडा, मग सधन कुणब्याचे घर, अशी ती विद्या पायरीपायरीने खाली उतरली. गावच्या दगडी घराच्या कोपऱ्यावरचे घडीव चिरे पाहिले की किल्ल्याच्या बुरुजाची आठवण येते, ती उगाच नव्हे.

आणखी एक कारण होते, ते म्हणजे भय. फौजा येत, जात, वाटेतली गावे लुटत. पेंढाऱ्यांचा उच्छाद 1817-18 पर्यंत चालू होता. मराठवाडा तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि शेवटची दोन वर्षे रझाकारांच्या धास्तीची गेली. म्हणून या घराला बाहेरच्या अंगाने खिडकी जवळजवळ नसते. बाहेरून पाहिले तर नुसती भिंत आणि एक दार. सारे तोंड आतल्या चौकाकडे वळलेले. बाहेर भीती आणि आत उजेड, असा या घराचा मांड आहे.

चला तर, आता आपण घरात प्रवेश करू. दाराची चौकट भक्कम लाकडाची, तिच्या माथ्यावर गणेशपट्टी. दार लावले की मागून आडवी आगळ सरकवायची. ती आगळ भिंतीतल्या भोकात शिरते आणि दिवसा तिथेच राहते. भिंत जाड असते म्हणूनच हे जमते. दारातून आत गेले की ढाळज लागते. इथे आल्यागेल्याची विचारपूस व्हायची आणि वाटसरू टेकायचा. घरच्या बाया आत, परका माणूस ढाळजेत, अशी ती मर्यादा होती. पुढे चौक. चौकात तुळस, पाण्याचा रांजण, एका अंगाला बैलांची दावण आणि गव्हाण. होय, बैल घरातच! चोराने बैल नेला तर पेरणी कशाने करायची? म्हणून शेतकऱ्याने धन आणि जनावर एकाच दाराच्या आत ठेवले.

चौकाच्या समोर उंच जोत्यावर ओसरी, तिच्यामागे माजघर, मग देवघर आणि स्वयंपाकघर. माजघरात दिवसाही अंधार असतो. तिथे माळवदाला सवणे ठेवतात. सवणे म्हणजे छपरातले लहानसे तोंड. त्यातून चुलीचा धूर बाहेर जातो आणि उजेडाचा कवडसा आत येतो. पाऊस आला की ते वरून झाकायचे. तो कवडसा भिंतीवर कुठवर सरकला यावरून घरातल्या बाया वेळ ओळखत. घड्याळ घरात येण्यापूर्वीचे ते घड्याळच होते.

धान्यासाठी बळद असते. भिंतीला लागून, कधी दोन भिंतींच्या मध्ये, बांधून काढलेली ती अंधारी कोठी. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि खालच्या भोकातून काढायची. मध्ये लिंबाचा पाला आणि राख घालायची, म्हणजे कीड लागत नाही. चौकात किंवा बाहेर जमिनीत पेव. ज्या मुलखात दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे एका सालाचे धान्य पुढच्या सालापर्यंत टिकवणे हाच संसाराचा कणा. दगडी घर हे आधी धान्याचे कोठार आहे आणि मग माणसाचे घर, असे म्हटले तरी चालेल.

घर किती मोठे, हे आपले लोक फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. दोन खांबांमधली एक जागा म्हणजे एक खण. ‘पाच खणांचा वाडा’ म्हटले की ऐकणाऱ्याला घराचे मान आणि घरधन्याची ऐपत दोन्ही कळत. या मापातच घराच्या बांधणीचे गुपित आहे. घर मोजताना माणसे भिंत मोजत नाहीत, खांब मोजतात. असे का बरे?

याचे उत्तर असे की जुन्या, चांगल्या घरात छपराचे ओझे भिंतीवर नसतेच. ते लाकडावर असते. जमिनीत दगडी तळखडा बसवतात, म्हणजे खांबाला ओल आणि वाळवी लागत नाही. तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर आडवा ठोकळा, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर किलचण किंवा पाट. श्रीमंताघरी सागवान, साध्या घरी बाभूळ नाहीतर लिंब. सुताराने खाचेत लाकूड बसवून हा सांगाडा उभा केला की घर आपल्या पायांवर उभे राहिले. मग गवंड्याने त्याच्या सभोवती दगडी भिंत रचायची. छप्पर पेलणे हे लाकडाचे काम. ऊन, चोर आणि वारा अडवणे हे भिंतीचे काम. भिंत एका अंगाने ढासळली तरी सांगाडा उभा राहावा, अशी ही योजना आहे.

आता भिंत पाहू. ती दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही अधिक. एवढी जाड भिंत एकाच दगडाची नसते. बाहेरच्या अंगाला एक रांग, आतल्या अंगाला दुसरी रांग आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे आणि माती यांची भर. म्हणजे वस्तुतः त्या दोन भिंती झाल्या. त्यांना एकत्र कोण धरून ठेवणार? इथे गवंड्याची खरी परीक्षा असते. चांगला गवंडी मधूनमधून एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालतो, म्हणजे त्याचे एक टोक बाहेर दिसते आणि दुसरे आत. माणसाने दोन्ही हातांनी दोन मुलांना धरावे तसा तो दगड दोन्ही रांगांना धरतो. कोपऱ्यावरही तो लांब चिरे एकदा या भिंतीत आणि एकदा त्या भिंतीत असे आलटून पालटून बसवतो. हे काम दिसायला साधे, पण त्याला वेळ लागतो, दगड निवडावा लागतो आणि मजुरी वाढते. भिंत पुरी झाल्यावर ते दगड डोळ्यांत भरत नाहीत. म्हणजे कुणी ते गाळले तरी घरधन्याला पत्ता लागत नाही.

हिमाचलातील पहाडी लोक दगडाच्या रांगांमध्ये आडवी लाकडे घालून भिंत बांधतात. तिला काठकुणी म्हणतात. आपल्याकडे त्या मानाने लाकडाचा दुष्काळ, म्हणून आपण दगडानेच दगड बांधला. साधन निराळे, पण हेतू एकच, तो म्हणजे बांध. बांध हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. शेताचा बांध फुटला की माती वाहून जाते. भिंतीचा बांध नसला की भिंत वाहून जाते.

आता माळवद. किलचणीवर आधी काटक्या आणि पाला पसरतात, त्यावर भुसा कालवलेला चिखल, आणि सर्वांत वर पांढरीची माती. ही माती पाण्याने फुगते, दाबून बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. वर हलकासा उतार आणि भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी माळवदावर नवी माती टाकून चोपणीने चोपायची रीत आहे. उन्हाळ्यात हेच माळवद घराचा वरचा मजला होते. मिरच्या, पापड, शेवया वाळतात, आणि रात्री सारे घर तिथे निजायला जाते. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पण माजघरात पाऊल टाकले की जीव निवतो. जाड दगड आणि माती दिवसाची धग सावकाश आत सोडतात. ती आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर घरधनी माळवदावर चांदण्यात निजलेला असतो. ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणतात. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या बांधून पाहिले, त्यांच्याच अनुभवातून ही सोय निघाली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशी घरे सर्वांच्या वाट्याला आली नाहीत. दगड फोडला वडाराने, भिंत रचली गवंड्याने, खांब घडवला सुताराने, बिजागरी ठोकली लोहाराने, पांढरी वाहिली मजुरांनी. यांतल्या बहुतेकांची स्वतःची घरे मात्र कुडाची आणि गवताच्या छपराची होती. अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती तर गावकुसाबाहेर होती. वाड्याचे कौतुक करताना वाडा ज्यांच्या घामाने उभा राहिला त्यांना वगळले तर इतिहास अर्धाच राहील.

असो. काळ पालटला. विसाव्या शतकात जंगल मागे हटले, लाकूड महागले. वाटण्या झाल्या, एका वाड्याची चार घरे झाली. नवी भिंत घाईने उठू लागली. घडीव चिऱ्याऐवजी ओढ्यातले गोल गोटे आणि पांढरीऐवजी हाताशी असलेली काळी माती. मधले खांब कमी झाले आणि कड्या सरळ भिंतीवर टेकू लागल्या. जे काम लाकडाचे होते ते भिंतीकडे आले. पण तिच्यातले आरपार दगड मात्र वाढले नाहीत, उलट कमी झाले. आणि माळवदावर दर सालची नवी माती पडतच होती. जुनी कुणी काढीत नव्हते. बोट बोट वाढत ती फूट-दीड फूट झाली, काही घरांवर त्याहूनही अधिक.

शिक्षकमित्रांनो, वर्गात मुलांना हे गणित जरूर घाला. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीवर एक फूट जाडीची माती असेल तर तिचे वजन किती? उत्तर साडेचार ते पाच टन येते. म्हणजे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर चार-पाच भरलेल्या बैलगाड्या उभ्या आहेत. रोज त्यांचा त्रास नाही. जमीन स्थिर आहे तोवर त्या दिसतही नाहीत.

आणि जमीन स्थिर आहे असेच सारे समजत होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, सुमारे 180 माणसे गेली. पण ते दूर सह्याद्रीत, असे मराठवाड्याला वाटले. भूकंपाच्या सरकारी नकाशात लातूरचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडण्यापूर्वी, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. थकलेली गावे गाढ झोपेत होती. भूकंपाचे मान 6.2 होते, जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात. पण किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठ सांगवी अशी गावेच्या गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे 8 हजार माणसे दगावली. इतर काही अंदाज 10 हजारांच्या जवळ जातात.

घरे पडली कशी, हे जाणकारांनी नंतर पाहिले. हादऱ्याने भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या. बाहेरची रांग बाहेर पडली, आतली आत पडली, मधली भर ओघळली. ज्या छपराला खाली खांब नव्हते ते सरळ खाली आले. दगडाखाली माणसे चिरडली आणि मातीखाली गुदमरली. पण त्याच गावांत आणखी एक दृश्य होते. काही घरांच्या भिंती सभोवार ढासळलेल्या, आणि मध्ये लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा. आणि गावाच्या कडेला, गवताच्या आणि कुडाच्या झोपड्यांतून, माणसे फारशी इजा न होता बाहेर आली. ज्यांना दगडी घर कधी परवडले नाही, त्यांना त्यांच्या हलक्या छपरांनी वाचवले.

वाचकहो, हा प्रसंग सांगताना हात जड होतो. पण त्यातून काय शिकायचे, याचा नीट विचार केला पाहिजे. भूकंपानंतर लोक म्हणू लागले, दगडानेच घात केला. माणसे आपल्याच घराला भ्याली. कित्येक दिवस उघड्यावर निजली. ते स्वाभाविकच होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने मोठी योजना राबवली आणि 52 गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानाप्रमाणे 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे दिली गेली. ती घरे सुरक्षित, रस्ते रुंद. पण दगड हा एकटा अपराधी होता काय? दगड तर तोच, ज्यात कैलास लेणे कोरले गेले. उभ्या राहिलेल्या सांगाड्यांनी साक्ष दिली ती वेगळी. ज्या घरात लाकडाने लाकडाला धरले होते, तिथे माणसाला जगायला वाव मिळाला. जिथे दगडाने दगडाला धरले नव्हते, तिथे तो मिळाला नाही. जुन्या विद्येतल्या उणिवा होत्याच. एवढे जड छप्पर ही मोठी उणीव. पण त्या विद्येत जे उत्तम होते तेच आपण आधी गाळले, आणि जे धोक्याचे होते ते मात्र वाढवीत गेलो.

हे नुसते इतिहासाचे बोलणे नाही. 2002 मध्ये भूकंपाचा नकाशा सुधारला, तेव्हा हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घातला गेला. आणि माळवदाची घरे आजही गावोगाव आहेत. त्यांत माणसे राहतात, म्हातारी माणसे तर विशेष करून. म्हणून भूकंपानंतर तज्ज्ञांनी अशा घरांसाठी जे उपाय सांगितले, ते थोडक्यात देतो.

पहिला उपाय माळवदाचे ओझे कमी करण्याचा. साचलेली जुनी माती उतरवा, आठ इंचांच्या वर ठेवू नका. पाण्याची भीती असेल तर खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा, मग थोडी मातीही पुरते. दुसरा उपाय लाकडाचा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे लाकूड ठोकून तो कोपरा घट्ट करा, म्हणजे सांगाडा एका अंगाला कलणार नाही. तिसरा भिंतीचा. नवी भिंत बांधाल तर ती फार जाड नको, दीड फूट पुरे. दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर एक आरपार दगड हवाच. जुन्या भिंतीतही मधले दगड काळजीपूर्वक काढून आरपार भोक करता येते आणि त्यात सळई घालून काँक्रीट भरता येते. चौथा उपाय घराला कमरपट्टा बांधण्याचा. दारांच्या माथ्याच्या उंचीवर लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवला म्हणजे भिंती एकमेकींना सोडत नाहीत. यांपैकी कुठलेही काम अनुभवी गवंड्याला आणि गावाकडच्या अभियंत्याला दाखवूनच करावे; घाईने भिंतीला हात घालू नये.

गवंडी काम करीत असेल तेव्हा घरधन्याने तिथे उभे राहावे आणि विचारावे, ‘आरपार दगड कुठे घातलात?’ एवढा एक प्रश्न गावोगाव विचारला गेला तरी पुष्कळ होईल. गवंड्यानेही त्याचा राग मानू नये. त्याच्या पूर्वजांना हा प्रश्न हेमाडपंती देवळावर काम करताना कुणीतरी विचारला असेलच.

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, आपल्यासाठी एक वेगळी विनंती. आपल्या गावातले एक जुने घर निवडा आणि घरधन्याची परवानगी काढून एक दिवस मुलांना तिथे न्या. खण मोजू द्या, भिंतीची जाडी दोरीने मोजू द्या. तळखडा, तुळई, कडी, किलचण, बळद, सवणे, ढाळज, आगळ हे शब्द घरातल्या आजीकडून मुलांनी ऐकावेत आणि वहीत लिहून घ्यावेत. भिंतीवर आरपार दगडाचे तोंड कुठे दिसते ते शोधायला सांगा. मुलांना तो खेळच वाटेल. घर कुणी बांधले, कुणाकुणाचे हात लागले, लाकूड कुठून आले, हेही विचारू द्या. घराचा नकाशा काढून शाळेच्या भिंतीवर लावा. सिमेंटची घरे येतच राहणार, आणि ती यावीतही. पण ज्या घराचे शब्द गेले त्याची विद्याही जाते. आणि विद्या गेली की पुढची पिढी तीच चूक नव्या सामानाने करते. सिमेंटच्या खांबातली सळई तुळईतल्या सळईला नीट बांधली नाही, तर ते घरही त्या बिनबांधाच्या भिंतीसारखेच होईल.

आपल्या पूर्वजांनी काळ्या दगडातून भिंत उभी केली, पांढऱ्या मातीने डोक्यावर सावली धरली आणि बाभळीच्या खांबावर सारा संसार पेलला. त्यातले चांगले ते घ्यावे, वाईट ते टाकावे. पण घेण्यापूर्वी आणि टाकण्यापूर्वी ते एकदा डोळे उघडून पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. उद्या सकाळी अंगणात उभे राहून आपल्याच घराच्या भिंतीकडे जरा निरखून पाहा.